पहिलं पोतं सुटेना

१

बिघाड शोधायचा तर मधूनच सुरुवात करायची, असं आम्हाला डिप्लोमाला शिकवलं होतं. पॅनेलपासून यंत्रापर्यंत जी वायर जाते तिच्या मध्यावर टेस्ट लॅम्प लावायचा. दिवा लागला तर दोष पुढे, नाही लागला तर मागे. मग उरलेल्या तुकड्याचा पुन्हा मध्य काढायचा. असं करत गेलं की माणूस दोषापाशी पोचतोच. या एका युक्तीवर मी नोकरीभर निभावून नेलं. तिने मला एकदाच दगा दिला, तो एकाहत्तर सालच्या हंगामात.

पुणतांब्याजवळच्या एका साखर कारखान्यावर मी तेव्हा इलेक्ट्रिकल सुपरवायझर होतो. त्या वर्षी संचालक मंडळाने मुंबईच्या कुठल्याशा प्रदर्शनातून एक परदेशी यंत्र उचलून आणलं आणि साखरेच्या गोडाऊनमध्ये बसवलं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण सगळे त्याला 'हात' म्हणत. जमिनीत रोवलेला लोखंडी खांब, त्यावर कोपर, पुढे मनगट आणि शेवटी चार चपटी बोटं. पट्ट्यावरून क्विंटलभर साखरेचं पोतं यायचं, हात ते धरायचा, वळायचा आणि थप्पीवर ठेवायचा. हात हलायचा तेलाच्या दाबावर, पण हुकूम सुटायचे शेजारच्या पॅनेलमधून, विजेवर. बोटं उघडण्याचा हुकूम सुटला की पॅनेलवर एक हिरवा दिवा लागे. माझा फिटर सहादेव त्या हुकमाला निरोप म्हणायचा, आणि मग मीही तेच म्हणायला लागलो.

हात जिथवर फिरे तिथवर जाळी ठोकलेली होती. जाळीच्या आत जायचं काम सहादेवचं. तो आत असेपर्यंत मुख्य फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचं काम माझं. सहादेवच्या घरी मी अधूनमधून जेवायला असायचो. त्याची बायको चांगुणा एकदा भाकरी वाढताना म्हणाली होती, "भावजी, ह्येंच्या हाताला काय हुऊ देऊ नका. आमचं सगळं त्या दोन हातांवर हाय." मी हसून हो म्हटलं होतं. पण तेव्हापासून माझ्या मनात माझी खरी नोकरी तीच होती.

२

बिघाड असा होता. नवी थप्पी सुरू झाली की पहिलं पोतं हात व्यवस्थित उचलायचा, वळायचा, जागेवर आणायचा आणि सोडायचाच नाही. हिरवा दिवा लागलेला असायचा. चारही बोटं बोटभर सैल व्हायची आणि परत आवळायची. पुन्हा सैल, पुन्हा घट्ट. मग आम्ही सगळं बंद करून, आत जाऊन दांड्याने तेलाचा व्हॉल्व्ह फिरवून पोतं मोकळं करायचो. पुढची सगळी पोती विनातक्रार जायची. थप्पी पुरी होऊन दुसरी सुरू झाली की पुन्हा पहिल्या पोत्याला तीच रड.

मी माझी युक्ती लावली. वायरच्या मध्यावर दिवा लागला. त्याच्या पुढच्या मध्यावर लागला. अगदी वायरच्या टोकाला, व्हॉल्व्हच्या कॉईलवर दिवा लावला, तिथेही लागला. म्हणजे निरोप शेवटपर्यंत पोचत होता. दोष व्हॉल्व्हमध्ये असणार म्हणून सहादेवने तो खोलला. आत तेल इतकं स्वच्छ की त्यात तोंड दिसावं. कॉईल बदलली, व्हॉल्व्ह बदलला, तरी तेच.

"निरोप पोचतोय सायेब," सहादेव हात पुसत म्हणाला. "त्यो ऐकतोय बी. फकस्त सोडत न्हाई."

"ऐकतोय कशावरून?"

"बोटं हलत्यात की."

माझं डोकं वेगळ्याच गोष्टीवर अडलं होतं. पहिलं पोतं आणि दहावं पोतं यांतला फरक त्या पॅनेलला कळायचं काही कारणच नव्हतं. त्यात मोजणारं काही नव्हतं. प्रत्येक रिले मी स्वतः उघडून पाहिला होता. मग हे पहिलं आहे हे त्याला सांगत कोण होतं? खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. असा चिवट बिघाड वर्षानुवर्षं वाट्याला येत नाही. घरी जेवतानासुद्धा मी ताटात बोटाने वायरी काढत बसायचो आणि बायको वैतागायची.

३

गोडाऊनच्या दाराशी स्टुलावर पुंजाराम बसलेला असायचा. तो मापाडी. हमालांनी वाहिलेली पोती मोठ्याने मोजण्यात त्याची हयात गेली होती. हात आल्यावर हमालांना यार्डात पाठवलं आणि पुंजारामला मोजायला काही उरलं नाही. तो रोज हजेरी लावून तंबाखू मळत आमची टिंगल करायचा.

"ह्या एका हाताला किती जनांनी हात लावायचा रं?" तो सहादेवला विचारायचा.

त्या दुपारीही हात पहिलं पोतं धरून थिजला होता. पत्रे उन्हाने तडतडत होते. सहादेव आणि मी जाळीबाहेर पॅनेलशी डोकं खाजवत उभे. पुंजारामने चिमूट ओठाखाली सोडली, लोंबकळत्या पोत्याकडे पाहिलं आणि जुन्या सवयीने लांब सूर लावला, "लाऽऽभ..."

बोटं उघडली. पोतं धप्प करून जागेवर बसलं आणि हात दुसऱ्या पोत्यासाठी वळला.

आपल्याकडे मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही. लाभ म्हणतो, आणि मग दोन, तीन. कारखान्यावर तर रिवाज असा होता की पहिलं पोतं ज्याच्या पाठीवर त्याने मापाड्याने लाभ म्हणेपर्यंत ते टाकायचं नाही. शब्द निघाला की मोजणी लागली. क्विंटलभर वजनाखाली माणूस वाकून उभा आहे आणि पुंजाराम सावकाश चुना लावतोय, हे मी कैकदा पाहिलं होतं. हमाल त्याला मनातल्या मनात शिव्या घालत, पण पोतं कुणी टाकत नसे.

"बगा," पुंजाराम म्हणाला, "शिकलेला दिसतोय." आणि आम्ही तिघेही हसलो.

४

योगायोग म्हणून सोडून देण्याइतका मी शहाणा नव्हतो. पुढच्या थप्पीच्या पहिल्या पोत्याला मी पुंजारामला गप्प बसवलं. हात अडला. मी टाळ्या वाजवल्या, पॅनेलवर हातोडी ठोकली. म्हटलं, एखादा सांधा ढिला असेल आणि आवाजाच्या हादऱ्याने जुळत असेल. काही झालं नाही. 'एक' म्हणून पाहिलं, 'सोड' म्हणून पाहिलं. सहादेवने दोन कचकचीत शिव्याही घालून पाहिल्या. मग मी पॅनेलकडे तोंड करून, स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल असं, लाभ म्हटलं.

माझ्या पाठीमागे पोतं धप्प वाजलं. मला हसू आलं, आणि हसता हसताच मानेवर घाम फुटला.

त्यानंतर मी जे पाहिलं ते पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. टेस्ट लॅम्प आता मी कॉईलवरच बांधून ठेवला होता. पुढच्या थप्पीला मी नजर हातावर न ठेवता त्या दिव्यावर ठेवली. आमचा निरोप पोचलेला, दिवा लख्ख लागलेला, बोटं सैल-घट्ट, सैल-घट्ट. पुंजारामने शब्द उच्चारला. त्या क्षणी दिवा विझला आणि बोटं उघडली.

मी पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. बोटं उघडत होती ती आमचा निरोप बंद पडला की. म्हणजे आमच्या निरोपावर तो सोडत नव्हताच. मग सोडायचा निरोप त्याला येत होता तो कुठून?

सहादेवला हे सांगितलं तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "त्यो शबुद आता घ्यायला नगं सायेब."

"अरे, काहीतरी कारण असेलच."

"आसंल की. म्हनून तर म्हन्तो."

५

पण संचालकांपुढे हात चालवून दाखवायचा होता, आणि लाभ म्हटल्यावर चालतो असं मी चीफ इंजिनिअरना कुठल्या तोंडाने सांगणार? मनगटाचा सांधा तेवढा खोलून पाहायचा राहिला होता. जेवणाच्या सुट्टीत गोडाऊन रिकामं झालं. पंप बंद केला, मुख्य फ्यूज काढला आणि खिशात टाकला. सहादेव जाळीच्या आत गेला. बोटं उघडीच होती. आतली एक खीळ काढायला त्याने दोन्ही हात मनगटापर्यंत त्यांच्यामध्ये घातले.

मी जाळीला टेकून पाहत होतो. पोत्यांच्या तागाचा वास, वर चिमण्यांची कलकल, पत्र्यांची तडतड. बाकी शांतता. त्या शांततेत बोटं मिटली. सावकाश, काही घाई नसल्यासारखी.

सहादेव ओरडला नाही. त्याने फक्त विचारलं, "सायेब, फ्यूज?"

मी खिसा चाचपला. "आहे."

"मग ह्ये काय हाय?"

तेलाचा दाब टाकीत शिल्लक राहतो, हे मला माहीत होतं. मी धावत जाऊन दाब सोडला. काटा शून्यावर आला. बोटं तशीच. पहार घातली तर शिरेना. सहादेवची नखं काळीनिळी पडायला लागली होती. आणि मग बोटं बोटभर सैल झाली, तो हात ओढणार तोच परत आवळली. मी कॉईलकडे पाहिलं. फ्यूज माझ्या खिशात, पॅनेल मेलेलं, आणि कॉईलवरचा टेस्ट लॅम्प लागलेला.

"म्हना," सहादेव म्हणाला.

मी थांबलो. मला भीती वाटली, आणि ती कशाची हेही मला कळत होतं. तो शब्द सोडण्यासाठी नाही. तो मोजणी सुरू करण्यासाठी आहे. त्या बोटांत या वेळी पोतं नव्हतं.

"सायेब, हात जात्यात माजं. म्हना."

मी म्हणालो. दिवा विझला आणि बोटं उघडली.

मनगटांवर तांबड्या वळांपलीकडे काही नव्हतं. हाड शाबूत, बोटं हलत होती. मी त्याला कँटीनमध्ये नेलं, आम्ही दोघेही उगाच मोठमोठ्याने बोलत चहा प्यायलो. सहादेवचा चहा संपला तरी कप त्याच्या हातातच होता. कँटीनवाला ट्रे घेऊन ताटकळला, तेव्हा मीच तो त्याच्या बोटांतून काढून घेतला. हबकलाय बिचारा, असं मला वाटलं.

६

दुसऱ्या दिवशी हात सुरळीत चालला. नवी थप्पी, पहिलं पोतं, हिरवा दिवा, आणि बोटं मुकाट्याने उघडली. कुणी काही म्हणायची गरज पडली नाही. पुंजाराम स्टुलावरून म्हणाला, "इसरला वाटतं," आणि थोडा खट्टू झाला. संचालकांनी टाळ्या वाजवल्या. चीफ इंजिनिअरनी माझी पाठ थोपटली.

बिघाड गेला की आमच्या धंद्यात आनंद मानायचा असतो. मला मात्र तो मानता येईना. मी काहीच दुरुस्त केलेलं नव्हतं. दोष आपोआप नाहीसा होत नाही, तो मागे तरी असतो नाहीतर पुढे. मग हा गेला कुठे?

सहादेव कामावर आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. वळ दुखत असतील म्हणून मी सकाळची पाळी दुसऱ्यावर सोपवली आणि सायकल काढून त्याच्या घरी गेलो.

७

त्याचं घर गावाच्या कडेला, पुढे दगडी ओटा, ओट्याखाली फरशी. सहादेव ओट्याच्या अगदी काठावर उभा होता. त्याची दोन वर्षांची मुलगी, रतन, त्याच्या हातांत होती. कडेवर नव्हे. दोन्ही हात पुढे करून त्याने तिला काखांपाशी धरलं होतं आणि ती तशीच लोंबकळत पेंगत होती.

चांगुणा दारात बसून दळणाला न्यायची ज्वारी पाखडत होती. मला पाहून ती मोकळी हसली. "या भावजी. बगा तुमचा दोस्त. सकाळधरनं लेकीला खाली म्हनून ठिवंना. मी घ्याया गेले तरी सोडंना. कामावर जायाचं न्हाई, लई माया आलीया."

मी ओट्यावर चढून सहादेवजवळ गेलो. त्याचे दंड थरथरत होते.

"सहादेव, ठेव की तिला खाली."

"ठिवतोय की," तो हळूच म्हणाला. आणि मी पाहिलं. त्याची बोटं पोरीच्या अंगापासून बोटभर सैल झाली आणि परत आवळली. पुन्हा सैल, पुन्हा घट्ट. पोर झोपेत कण्हली.

"निरोप पोचतोय सायेब," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "काल घागर हुती हातात. शेजारची म्हातारी बाजरी मोजत हुती, तवा सुटली. मी सोता म्हनून बगितलं. सोताच्या तोंडानं चालत न्हाई."

"चांगुणाला सांगितलंस?"

"काय सांगू?"

माझी विचार करायची जुनी खोड गेली नव्हती. शब्द म्हटला तर पोर फरशीवर पडेल. खाली गोधड्या अंथराव्यात, त्याला आधी ओट्यावर मागे सरकवावं, मग म्हणावं. मी त्याला दंडाला धरून मागे ओढायला लागलो. तो जागचा हलेना. त्या लोखंडी खांबासारखे त्याचे पाय रोवलेले होते. गोधडी आणायला मी वळलो, तेव्हा मला ज्वारीची सळसळ ऐकू आली. चांगुणाचं पाखडून झालं होतं. तिने पायली ओढून घेतली होती, ती भरून वरून हात फिरवून सपाट केली होती आणि आता पिशवीवर तिरकी धरली होती. घरोघरी बाई दळण मोजते तशीच ती मोजणार होती.

"वहिनी, थांबा," मी म्हणालो आणि बोलता बोलताच उलटा वळून ओट्याखाली उडी मारली. दोन्ही हात मी पोरीच्या खाली नेले.

"लाभ," चांगुणा म्हणाली आणि ज्वारी पिशवीत ओतली.

सहादेवचे हात उघडले. रतनचं सगळं वजन माझ्या हातांत आलं. मी तिला काखांपाशी घट्ट धरलं. ती दचकून रडतच जागी झाली, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ओळखीचा माणूस दिसल्यावर रडायची थांबली. सहादेव मटकन ओट्यावर बसला. त्याने हात डोळ्यांपुढे धरले, मुठी वळल्या, उघडल्या, पुन्हा वळल्या. मग तो हमसून हमसून रडायला लागला. त्याचे हात परत आले होते. मला इतकं हलकं वाटलं की मीही रडलो असतो.

"काय झालं वो?" चांगुणा गोंधळून उठली. तिच्या हातात दुसरी पायली होती, ती तिने पिशवीत रिकामी केली आणि सवयीने पुटपुटली, "दोन." मग पदराला हात पुसत ती ओट्याच्या काठाशी आली. "पडली आस्ती न्हवं पोर. ठिवा तिला खाली भावजी."

"ठेवतो," मी म्हणालो.

मी वाकलो. रतनचे पाय फरशीला टेकले. आता फक्त बोटं सोडायची होती. निरोप निघाला, दंडातून गेला, कोपरातून गेला, मनगटात आला. मला तो जाताना नीट कळत होता. माझी बोटं बोटभर सैल झाली आणि परत आवळली.

सहादेव रडायचा थांबला होता. तो माझ्या हातांकडे पाहत होता. शब्द त्यालाही ठाऊक होता, आणि तो म्हणताना ज्याचे हात खाली असतील त्याच्या हातांत हे जातं, हेही.

चांगुणा ओट्यावरून उतरली, माझ्यापुढे उकिडवी बसली आणि तिने लेकीखाली दोन्ही हात पसरले. "द्या हिकडं माज्याकडं."

मी रतनला उचलून छातीशी घेतलं आणि एक पाऊल मागे सरलो.

"राहू द्या वहिनी," मी म्हणालो. "असू दे जरा वेळ माझ्याकडेच."